मतदानयंत्र-खरेदीचे दायित्व, अमेरिकेतील

निवडणुकीसाठी लागणारी यंत्रे स्थानिक अधिकाऱ्यांनी विकत न घेतल्यास ती पुरविण्याची जी कायदेशीर जबाबदारी वरिष्ठ शासनावर येते, ती या संज्ञेने अभिप्रेत आहे. हा प्रश्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विशेषेकरून उद्‌भवला; कारण तेथे निवडणुकांचे प्रत्यक्ष कामकाज मुख्यत्वे काउंटी किंवा नगर पातळीवरील अधिकारी पाहतात. संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदातील चौथ्या कलमानुसार काँग्रेसच्या निवडणुकांची वेळ, स्थळ व पद्धती ठरविण्याचा अधिकार घटकराज्यांच्या विधिमंडळांना असून त्यांच्या नियमांत बदल करण्याची मुभा काँग्रेसला आहे. यंत्रांचा खर्च मात्र दीर्घकाळ बहुतांशी स्थानिक तिजोरीवरच पडत आला. रस्ते, तुरुंग व आरोग्यसेवा यांच्या नित्य मागण्यांपुढे वर्षातून एकदोनदा लागणाऱ्या यंत्रांचा क्रम साहजिकच मागे पडे.

जेकब एच. मायर्सने तयार केलेले तरफेचे मतदानयंत्र १८९२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील लॉकपोर्ट येथे प्रथम वापरले गेले. अशा यंत्रांबाबतचे कायदे दोन प्रकारचे असत. ‘यंत्रे घेता येतील’ असे शब्द असल्यास खरेदी ऐच्छिक ठरते. ‘घेतली पाहिजेत’ असे असल्यास ते कर्तव्य होते व ते टाळणाऱ्या अधिकाऱ्यांविरुद्ध न्यायालयाकडून परमादेश मागता येतो. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात यंत्रांचा स्वीकार मतदारांच्या सार्वमतावर सोपविलेला होता. परंतु परमादेशाचा उपाय अपुरा आहे. कोणत्या बनावटीचे यंत्र कोणत्या किंमतीस घ्यावे, हे ठरविणे न्यायालये सहसा आपल्याकडे घेत नाहीत आणि दावा चालू असताना निवडणुकीची तारीख थांबत नाही. म्हणून काही राज्यांच्या कायद्यांनी स्थानिक मंडळ निष्क्रिय राहिल्यास राज्याच्या अधिकाऱ्याने त्याच्या वतीने यंत्रे निवडावीत व खर्च काउंटीवर टाकावा, असा मार्ग काढला. पैसा एकाचा व निवड दुसऱ्याची, ही व्यवस्था स्थानिक स्वायत्ततेच्या समर्थकांना रुचण्यासारखी नव्हती.

२००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लॉरिडा राज्याचा निकाल अवघ्या ५३७ मतांनी लागला. छिद्रपत्रांवरील अर्धवट पडलेली छिद्रे मोजावीत कशी, यावर वाद झाला आणि यंत्र जुने असल्यास मतच वाया जाते, ही गोष्ट देशभर उघड झाली. त्यानंतर २००२ च्या ‘हेल्प अमेरिका व्होट ॲक्ट’ या कायद्याने छिद्रपत्रे व तरफेची यंत्रे बदलण्यासाठी राज्यांना निधी दिला. संघीय निवडणुकांत प्रत्येक मतदान केंद्रावर अपंग मतदारांना गुप्तपणे व स्वतंत्रपणे मत देता येईल असे किमान एक साधन २००६ पासून अनिवार्य केले. अंध मतदारास यापूर्वी बहुधा दुसऱ्याच्या हातून मत नोंदवावे लागे.

या कायद्याने उत्तरदायित्व घटकराज्याकडे नेले. न्यूयॉर्कने २००५ मध्ये यंत्रांची निवड काउंटी मंडळांवर सोपविली होती. या मंडळांवर दोन प्रमुख पक्षांना समान प्रतिनिधित्व असते. त्यामुळे मतभेद झाल्यास निर्णय अडू शकतो. राज्याचे स्वतःचे प्रमाणीकरणही रखडले. २००६ मध्ये संघीय न्याय खात्याने दावा लावला, तो काउंट्यांवर नव्हे, तर राज्य व राज्य निवडणूक मंडळ यांच्यावर. तरीही संघीय निवडणुकांतून तरफेची यंत्रे राज्यभर हटण्यास २०१० उजाडले. जेथे हे यंत्र प्रथम आले, तेथूनच ते सर्वांत उशिरा गेले. पेनसिल्व्हेनियात उलट प्रसंग उद्‌भवला : वेस्टमोरलंड काउंटी यंत्रे बदलण्यास तयार होती, परंतु सार्वमत न घेतल्याने काही मतदारांनी तिला न्यायालयात अडविले. संघीय कायद्यापुढे सार्वमताची अट टिकत नाही, असा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला.

त्या काळात घेतलेली यंत्रेही पुढे एकाच सुमारास जुनी झाली. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनिया शासनाने सर्व ६७ काउंट्यांना कागदी नोंद ठेवणारी यंत्रे घेण्यास फर्माविले, पण पुरेसा पैसा दिला नाही. २०१९ च्या कायद्याने ९ कोटी डॉलरपर्यंतच्या कर्जरोख्यांतून खर्चाचा ६० टक्के भाग भरून देण्याचे ठरले. उरलेला भार काउंट्यांवरच राहिला.