चक्रीवादळ : वारा किती, पाणी किती?

मुलांनो, 2024 च्या जुलैत बेरिल चक्रीवादळाने आपल्या ह्यूस्टनची वीज घालवली, तेव्हा तुमच्यापैकी पुष्कळांनी घामाघूम होऊन फ्रीजमधले आइस्क्रीम वितळताना पाहिले असेल. सुट्टीनंतर मराठी शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा वर्गात एकीने विचारले, "काका, एवढे मोठे चाक समुद्रात फिरवतो तरी कोण?" मी घाईत "गरम पाणी" एवढेच म्हणालो. उत्तर बरोबर होते, पण अर्धेच. उरलेले आज लिहितो.

भारतात आजीकडे गेलात की माठातले गार पाणी मिळते. माठ पाझरतो. बाहेरच्या अंगाचे पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना माठातली उष्णता घेऊन जाते. ती उष्णता नाहीशी होत नाही, वाफेत लपून बसते. वाफेचे पुन्हा पाणी झाले की ती परत बाहेर येते. इडलीपात्राचे झाकण काढताना हात भाजतो ना, तो बराचसा याच उष्णतेमुळे.

आता माठाच्या जागी मेक्सिकोचे आखात घ्या. चक्रीवादळाला समुद्राचे पाणी साधारण 80 अंश फॅरनहाइट तरी लागते, तेही नुसते वरवर नव्हे, सुमारे दीडशे फूट खोलीपर्यंत. उन्हाळ्यात आपले आखात 85 च्या घरात असते. या पाण्यावरची दमट हवा वर चढते, उंचावर गार होते, वाफेचे थेंब होऊन ढग बनतात आणि लपलेली उष्णता तिथे सुटते. भोवतालची हवा तापून हलकी होते व आणखी जोराने वर जाते. खाली हवेचा दाब कमी होतो, म्हणून चहूकडून हवा तिथे धावते आणि धावताना समुद्रावरून नवी वाफ उचलते. आम्ही प्रोग्रॅम लिहिणारे याला लूप म्हणतो. आमचा लूप थांबला नाही तर कॉम्प्युटर बंद करता येतो. हा लूप थांबायला थंड पाणी, कोरडी हवा किंवा जमीन लागते. नाहीतर निरनिराळ्या उंचीवर निरनिराळ्या वेगाने वाहणारे वारे लागतात, जे ढगांचा मनोरा वाकडा करून टाकतात.

फिरण्याचे काम पृथ्वी करते. ती स्वतःभोवती फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात मध्याकडे धावणारी हवा उजवीकडे वळते आणि सगळे चाक घड्याळाच्या उलट दिशेने फिरू लागते. विषुववृत्ताजवळ हा परिणाम जवळजवळ शून्य असतो, म्हणून तिथे समुद्र गरम असूनही चक्रीवादळे सहसा होत नाहीत. गंमत म्हणजे 'सायक्लोन' हा शब्द कोलकात्यात जन्मला. हेन्री पिडिंग्टन नावाच्या तिथल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने 1840 च्या दशकात सापाच्या वेटोळ्यावरून तो बनवला.

वादळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वारा येतो. टीव्हीवरही रेनकोट घातलेला बातमीदार वाऱ्यात झुकून उभा असतो. वर्गवारीचे एक ते पाच आकडेसुद्धा फक्त वाऱ्याच्या वेगावरून ठरतात. पण जास्त माणसे मरतात ती पाण्याने. वारा समुद्राला किनाऱ्यावर ढकलत आणतो. किनाऱ्याजवळ समुद्र उथळ असेल तर त्या पाण्याला जायला जागा उरत नाही आणि ते जमिनीवर चढते. 8 सप्टेंबर 1900 ला आपल्या गॅल्व्हेस्टनमध्ये असेच झाले. सहा ते बारा हजार माणसे गेली. आपण सहलीला ज्या भिंतीवर बसून भुट्टे खाल्ले, ती सतरा फूट उंच भिंत त्यानंतर बांधली गेली.

पाण्याची भीती खरी, पण सगळ्यांनीच पळायचे असे नाही. हे मी फार महागात शिकलो. सप्टेंबर 2005 मध्ये कॅटरिनाने न्यू ऑर्लिन्स बुडवल्याला महिनाही झाला नव्हता आणि रीटा आपल्याकडे येणार म्हणत होते. मी नुकताच इथे आलो होतो. आमचे अपार्टमेंट समुद्रापासून खूप आत होते, तरी मी आणि माझा रूममेट गाडी काढून डॅलसच्या रस्त्याला लागलो. असे वीस लाखांहून जास्त लोक रस्त्यावर होते. सोळा तासांत आम्ही साठ मैल गेलो. पेट्रोल वाचवायला एसी बंद, बाहेर शंभर अंश. शेजारच्या गाडीत एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना आम्ही आमच्याजवळचे शेवटचे पाणी दिले. पुढे रीटा पूर्वेला वळली. टेक्सासमध्ये त्या वेळी जे दगावले, त्यांतले बहुतेक वादळाने नव्हे, तर त्या पळापळीत, उन्हाने आणि अपघातांनी गेले. आमच्यासारख्या गरज नसलेल्यांनी रस्ता अडवला होता, हे मला आजही टोचते.

बारा वर्षांनी, 2017 मध्ये हार्वे आले आणि आपल्या परिसरात ठाण मांडून बसले. नेदरलँड गावात 60 इंचांवर पाऊस पडला. (तुमच्या आईबाबांना 26 जुलै 2005 ची मुंबई विचारा, तिथे सांताक्रूझला एका दिवसात 37 इंच पडला होता.) टेक्सासमध्ये हार्वेने थेट 68 बळी घेतले. त्यांतले तिघे सोडून बाकी सगळे पावसाच्या पुराने गेले, आणि कितीतरी जण गाडीत होते. रस्त्यावर पाणी दिसले की गाडी मागे फिरवायची. ड्रायव्हिंग शिकायला लागाल तेव्हा हे लक्षात ठेवा, आणि बाबा ऐकत नसतील तर त्यांना आत्ताच सांगा.

वाऱ्याचे गणित निराळे. 3 जून 2020 ला 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागजवळ धडकले. माझी आत्या श्रीवर्धनला राहते. तिचे घर उंचावर, जुन्या जाड भिंतींचे. ती दुपारभर माजघरात बसून राहिली. पत्रे उडाले, पण तिला खरचटलेही नाही. संध्याकाळी बाहेर येऊन पाहते तो रोठा सुपारीची अख्खी वाडी आडवी. फोन लागायला चार दिवस गेले. "अरे, मी आहे, पण वाडी नाही," एवढेच बोलली. सुपारी लावली की फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, आणि आत्या तेव्हा सत्तरीची होती. तिने तरी रोपे लावलीच.

माणसे मात्र वाचवता येतात. ओडिशात ऑक्टोबर 1999 च्या वादळात सुमारे दहा हजार लोक गेले. त्यानंतर तिथे किनाऱ्यावर खांबांवर उभारलेली पक्की निवारागृहे बांधली, गावोगाव स्वयंसेवक तयार केले. 2013 मध्ये फायलीन आले तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलवले. मृत्यू पन्नासच्याही आत राहिले. समुद्र तोच होता. इशारा मात्र घराघरात पोहोचला आणि जायला जागा होती.

आपल्याकडे कोणी कधी निघायचे हे झिप कोडप्रमाणे ठरवलेले आहे. ज्यांचा कोड नकाशावरच्या रंगीत पट्ट्यांत येतो, त्यांनी सांगितल्याबरोबर निघायचे. बाकीच्यांनी पाणी, औषधे, बॅटऱ्या घेऊन खिडक्यांपासून दूर, आतल्या खोलीत थांबायचे. घर पुराच्या भागात असेल तर मात्र पावसाच्या पाण्यावरही लक्ष ठेवायचे. वीज गेल्यावर जनरेटर लावलाच तर घरापासून निदान वीस फुटांवर, गॅरेजमध्ये कधीही नाही. त्याच्या धुराला वास नसला तरी त्यातला विषारी वायू झोपेत जीव घेतो. आणि शेजारी कोणी आजी-आजोबा एकटे असतील तर त्यांची चौकशी करा. बेरिलनंतर काही जण बंद घरातल्या उकाड्याने गेले.

पुढच्या रविवारी मी तो रंगीत नकाशा वर्गात आणतो. येताना प्रत्येकाने आपला झिप कोड मराठी आकड्यांत लिहून आणायचा आहे.