दोन विद्यार्थिनींचा गळपट्टा आणि तिसरीचे जाकीट

सायकल हे गरिबाचे वाहन. पहाटे पेपर टाकणारी मुले, दुधाच्या किटल्या अडकवून निघणारे दूधवाले, रात्रपाळी संपवून घरी परतणारे वॉचमन, शेजारच्या गावच्या हायस्कुलात जाणाऱ्या मुली ही सारी मंडळी सायकलवर असतात. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक खात्याच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात चार हजारांहून अधिक सायकलस्वारांनी रस्त्यावर प्राण गमावले. मोटारसायकलवाल्याला कायद्याने हेल्मेट घालावे लागते, सायकलवाल्यावर तशी सक्ती नाही. बहुतेकांच्या सायकलीला मागे दिवासुद्धा नसतो. अशा माणसाचा जीव वाचवणारी एखादी वस्तू त्याच्या अंगावरच घालता येईल काय? या प्रश्नाच्या मागे लागलेल्या तीन विद्यार्थिनींची हकीकत आम्ही वाचक बंधु-भगिनींपुढे, विशेषतः शाळा-कॉलेजातील मुलामुलींपुढे ठेवीत आहोत.

पहिल्या दोघी स्वीडनच्या. अ‍ॅना हाउप्ट आणि टेरेसे आल्स्टिन या लुंड विद्यापीठात औद्योगिक डिझाइनचा अभ्यास करीत होत्या. २००५ साली स्वीडनमध्ये १५ वर्षांखालील मुलांना सायकलवर हेल्मेट सक्तीचे झाले. आज मुलांवर आलेली सक्ती उद्या मोठ्यांवरही येणार, अशी चर्चा सुरू झाली आणि लोक कुरकुरू लागले. या दोघींनी आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी हाच विषय घेतला. आधी त्यांनी लोकांनाच विचारले, की बाबांनो, तुम्ही हेल्मेट का घालीत नाही? उत्तरे सरळ होती. केस विस्कटतात, दिसायला वाईट दिसते, उतरल्यावर ते लोढणे कुठे सांभाळायचे? हेल्मेट दिसणारच नसेल तर घालू, असेही उत्तर आले.

दुसरे कोणी असते तर लोकांच्या अडाणीपणाला नावे ठेवून मोकळे झाले असते. आपल्याकडे तर अशा वेळी भाषण ठोकण्याचीच पद्धत आहे. या मुलींनी मात्र ते उत्तर जसेच्या तसे मनावर घेतले. न दिसणारे हेल्मेट करायचे, असे त्यांनी ठरवले.

त्यातून तयार झाला एक गळपट्टा. दिसायला मफलरसारखा, गळ्याभोवती चेनने लावायचा. त्याच्या आत मोटारीत असते तशी हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग, घडी घालून ठेवलेली. सोबत हेलियम वायूची छोटी नळकांडी आणि स्वाराची हालचाल टिपणारी यंत्रे. ही यंत्रे सेकंदाला २०० वेळा हालचाल मोजतात. स्वार तोल जाऊन पडतो आहे किंवा त्याला धक्का बसला आहे असे त्यांच्या लक्षात आले, की सेकंदाच्या दहाव्या भागात पिशवी फुगते आणि टोपडे घातल्यासारखी डोके व मान झाकून टाकते. डोके जमिनीला लागण्याआधी हे सारे उरकलेले असते.

वाचायला हे सोपे वाटते. खरे अवघड काम पिशवी फुगवण्याचे नव्हतेच. ती कधी फुगवायची नाही, हे यंत्राला शिकवणे अवघड होते. सायकलवाला खड्ड्यातून जातो, खाली पडलेली किल्ली उचलायला वाकतो, फुटपाथवरून धाडकन उतरतो. दर वेळी पिशवी फुगली तर दुसऱ्या दिवशी तो गळपट्टा कोण घालील? म्हणून सायकलवरून पडण्याचे सराईत कलाकार आणि माणसाएवढे पुतळे वापरून त्यांनी अपघात पुन्हा पुन्हा घडवून आणले. दुसरीकडे साध्या, रोजच्या सायकल चालवण्याच्याही असंख्य नोंदी गोळा केल्या. दोन्हींतला फरक यंत्राला शिकवता शिकवता वर्षे गेली. प्रबंध २००५ चा, कंपनी निघाली २००६ साली आणि गळपट्टा दुकानात आला २०११ साली. त्याचे नाव होते होव्हडिंग. स्वीडिश भाषेत याचा अर्थ टोळीचा सरदार.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली या पिशवीची साध्या हेल्मेटशी तुलना केली. उंचावरून डोक्याची प्रतिकृती खाली टाकली असता पिशवीमुळे डोक्याला बसणारा हिसका पाच ते सहा पटींनी कमी झाला. मात्र संशोधकांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली आहे. प्रयोगात पिशवी आधीच फुगवून ठेवलेली होती. प्रत्यक्ष रस्त्यावर ती वेळेवर फुगली पाहिजे आणि तिच्यात पुरेसा दाबही असला पाहिजे.

आता किंमत. ती सुमारे ३०० युरो होती. शिवाय एकदा फुगलेली पिशवी पुन्हा वापरता येत नसे, नवा गळपट्टा घ्यावा लागे. पेपर टाकणाऱ्या पोराने ही वस्तू काचेतूनच पाहायची. पण श्रीमंत देशातही पुढे तिची वाट बिकट झाली. डिसेंबर २०२३ मध्ये स्वीडनच्या सरकारी ग्राहक संस्थेने सुरक्षिततेविषयी शंका घेऊन गळपट्ट्याची विक्री थांबवली. कंपनीला हा निर्णय मान्य नव्हता, परंतु त्याच महिन्यात तिने दिवाळे जाहीर केले. कंपनी गेली की बंद कारखान्यातला गळपट्टा घरी सुईदोरा घेऊन कोणी करू शकत नाही. त्या मुलींच्या बुद्धीविषयी आमच्या मनात आदरच आहे, पण ही गोष्ट आम्हाला खटकते.

म्हणूनच तिसऱ्या विद्यार्थिनीचे काम आम्हाला अधिक जवळचे वाटते. लिआ ब्यूकली ही अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात, बोल्डर येथे, संगणकशास्त्रात डॉक्टरेटचा अभ्यास करीत होती. इटलीत विद्यार्थ्यांसाठी आर्डुइनो नावाची स्वस्त आणि छोटी संगणक-पाटी तयार झाली होती. तिची रचना सर्वांसाठी खुली होती. लिआने त्याच धर्तीवर कापडावर शिवता येईल अशी गोल पाटी बनवली. तिचे नाव लिलीपॅड. कडेला फुलाच्या पाकळ्यांसारखी भोके, त्यांतून दोरा ओवायचा. हा दोराच तारेचे काम करतो, कारण त्यावर चांदीचा मुलामा असतो व त्यातून वीज वाहते. २००७ साली लिलीपॅड बाजारात आले.

या पाटीवर तिने सायकलस्वारासाठी एक जाकीट केले. पाठीवर बारीक दिव्यांचे दोन बाण, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही बाह्यांच्या टोकाशी एकेक बटण. डावे बटण दाबले की डावा बाण लुकलुकतो, उजवे दाबले की उजवा. वळताना हात बाहेर काढण्याची रीत आपल्यालाही शाळेत शिकवतात. पण अंधारात तो हात मागच्या ट्रकवाल्याला दिसत नाही आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर एका हाताने हँडल धरणे म्हणजे पडायला निमंत्रण. या जाकिटात दोन्ही हात हँडलवरच राहतात.

जाकीट डोके वाचवीत नाही, हे उघड आहे. ते फक्त मागच्याला सांगते, की पुढे माणूस आहे आणि तो या बाजूला वळणार आहे. पण लिआने जाकिटाची कृती पायरीपायरीने लिहून, चित्रांसह, सर्वांसाठी खुली केली. ती कोणा कंपनीच्या तिजोरीत पडून नाही. आणखी एक गोष्ट घडली. लिलीपॅड वापरून लोकांनी केलेल्या आणि उघडपणे मांडलेल्या कामांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यांत निम्म्याहून अधिक कामे मुलींची व स्त्रियांची निघाली. साध्या आर्डुइनोच्या कामांत मात्र स्त्रिया नावालाच होत्या. पाटी जवळपास तीच, पण हातात पक्कड येण्याऐवजी सुई आली. शिवणकामाला बुद्धी लागत नाही, असे म्हणणाऱ्या मंडळींना हे आकडे दाखवावेत. ज्या घरात शिवणयंत्र चालते, त्या घरातल्या मुलीला या विद्येची अर्धी बाराखडी आधीच येत असते.

ज्या मुलामुलींना हात चालवून पाहायचा आहे, त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी सांगतो. चांदीच्या दोऱ्याला विजेच्या तारेसारखे प्लॅस्टिकचे आवरण नसते. म्हणून अधिक बाजूचा दोरा आणि उणे बाजूचा दोरा कोठेही एकमेकांना शिवता कामा नये, नाहीतर दिवे लागायचे नाहीत आणि सेल तापेल. जाकिटाची घडी पडते तेथे हे हमखास होते. टाके घालण्याआधी दोऱ्यांची वाट खडूने कापडावर आखून घ्यावी. गाठीची शेपटे बारीक कापावीत आणि उघड्या टाक्यांवर कापडी रंगाचा जाड थर द्यावा. प्रत्येक दिवा शिवून झाला की सेल लावून तो पेटतो का ते पाहावे व मगच पुढे जावे. सगळे टाके झाल्यावर चूक शोधायची म्हणजे सारे उसवणे आले. धुताना सेल काढून ठेवावा, जाकीट हातानेच हलके धुवावे आणि पूर्ण सुकल्यावरच सेल परत बसवावा.