जुन्या डिझेल मोटारीची निगा : घाण, पाणी व हवा

शेतमाल बाजारास नेणारी जुनी डिझेल जीप ऐन हंगामांत वाटेंत बंद पडली, म्हणजे मालाची नासाडी होते व बाजारहि चुकतो. अशा वेळीं दोष पुष्कळदां इंजिनांत नसून तेलाच्या मार्गांत असतो. या मार्गाचे शत्रु तीन : घाण, पाणी आणि हवा. त्यांस दूर ठेवण्यास खर्च थोडा लागतो. पंप बिघडल्यावर मात्र दुरुस्ती फार महाग पडते.

रूडॉल्फ डिझेल यांचें इंजिन १८९७ सालीं यशस्वी झालें. परंतु त्यांत तेल उडविण्यास दाबाची हवा लागे, व त्यासाठीं लागणारें अवजड यंत्र मोटारींत मावण्यासारखें नव्हतें. १९२७ सालीं बॉश कारखान्यानें तेल दाबणारा पंप मोठ्या प्रमाणावर काढण्यास आरंभ केला, आणि १९३६ सालीं मर्सिडीज-बेंझची २६० डी ही डिझेल मोटार पुढें आली. आपल्या जुन्या गाड्यांतील पंप याच वंशांतला. त्याचा दट्ट्या व नळकांडें यांतील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांनीं मोजावी लागते, आणि तेथें डिझेल हेंच वंगण असतें. म्हणून रेतीच्या कणानें ओरखडा पडतो, पाण्यानें गंज चढतो, व रॉकेलच्या भेसळीनें वंगण कमी होऊन झीज वाढते.

पाणी तेलाहून जड असल्यानें टाकीच्या तळाशीं बसतें. टाकी अर्धी रिकामी असली कीं रात्रीच्या गारव्यानें आंतील बाष्प पत्र्यावर जमतें. पाणी व तेल यांच्या संधींत सूक्ष्म जंतु वाढून बुळबुळीत गाळ होतो, व तो फिल्टर तुंबवितो. यास्तव काम आटोपतांच संध्याकाळीं टाकी भरावी. फिल्टरच्या बुडाचा स्क्रू, विशेषतः पावसाळ्यांत, आठवड्यांतून एकदां सैल करून कांचेच्या भांड्यांत थोडें तेल सोडावें. तळाशीं पाणी दिसल्यास स्वच्छ तेल येईपर्यंत सोडावें. हें तेल शेतांत अगर विहिरीजवळ ओतूं नये.

फिल्टर गाडीच्या पुस्तकांत सांगितलेल्या अंतरास, व धुळीच्या रस्त्यावर त्याआधींच बदलावा. कागदी फिल्टर धुऊन पुन्हां घालणें ही काटकसर नव्हे. नवा बसविल्यावर हवा काढावी : वरचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा, आणि बुडबुडे थांबून अखंड धार लागली कीं स्क्रू आवळावा. गाडी वारंवार हवा धरीत असेल, तर टाकीपासून पंपाकडे येणारी नळी तपासावी. तिच्या चिरेंतून तेल गळेलच असें नाहीं. हवा मात्र आंत ओढली जाते.

नोझलच्या फवाऱ्यापुढें हात कदापि धरूं नये. तेल कातडी भेदून मांसांत शिरतें. जखम टांचणीएवढी दिसली तरी ताबडतोब इस्पितळ गाठावें. पंपाचें सील स्वतः तोडूं नये. त्याचें माप यंत्रावरच जुळवावें लागतें. १ एप्रिल २०२० पासून देशभर विकल्या जाणाऱ्या डिझेलमध्यें गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत १० आहे. त्यामुळें जुना पंप झिजेल अशी भीति कित्येकांस वाटते. परंतु वंगणगुणाची अटहि मानकांत घातलेली आहे. तेव्हां दुसरें तेल मिसळण्याचें कारण नाहीं.

शेतकरी आपल्या बैलास गढूळ पाणी पाजीत नाहीं. तोच नेम मोटारीच्या टाकीस लावावा.