थीब्जचे मंत्रदफ्तर

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अलेक्झांड्रियात व्यापार थाटून बसलेल्या आणि पुढे स्वीडन-नॉर्वेच्या वकिलातीचा कारभारही पाहणाऱ्या जियोव्हानी अनास्तासी नामक गृहस्थाने, इजिप्तमधील थीब्जच्या परिसरातील म्हणून मंत्रतंत्राच्या ज्या पपायरसाच्या पोथ्या खरेदी केल्या, त्यांतील काही १८२८ साली लायडनला गेल्या, काही १८५७ च्या लिलावात पॅरिसला पोचल्या, आणि एका दुर्दैवी गुंडाळीचे तर दोन तुकडे होऊन एक लंडनच्या व दुसरा लायडनच्या वाट्यास आला. होमर-प्लेटोंच्या उपासनेत आयुष्य वेचलेल्या पंडितांना हे घबाड अडचणीचेच वाटले असावे. कारण १९०५ मध्ये हायडेलबर्गला आल्ब्रेख्ट डीटेरिख याने त्यांचे अध्यापन योजिले, तेव्हा जाहीर केलेल्या विषयनामात 'जादू' हा शब्द त्याने कटाक्षाने टाळला. कार्ल प्रायझेंडान्स याने सिद्ध केलेले संहितेचे दोन खंड १९२८ व १९३१ साली निघाले; तिसरा छपाईच्या उंबरठ्यावर असतानाच दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावात सापडला.

या पोथ्यांना धर्मग्रंथ म्हणण्यापेक्षा दफ्तर म्हणणे मला अधिक यथार्थ वाटते. पॅरिसच्या पोथीची छत्तीस पाने आणि तीन हजारांवर ओळी चाळताना जाणवते ते हे की, ही कोणा भाविकाची स्तोत्रे नसून, गिऱ्हाइकाची गरज ओळखून वेळेवर उपयोगी पडावेत म्हणून एका व्यावसायिकाने जमविलेले मसुदे आहेत. जिथे माणसाचे नाव यावयाचे तिथे केवळ 'अमुक' एवढेच लिहिलेले असते, आणि त्याची ओळख बहुधा बापावरून न देता 'अमकीच्या पोटी जन्मलेला' अशी आईवरून दिलेली असते. ग्रीक अपोलो, इजिप्तचा ओसिरिस आणि ज्यूंचे याओ-सबाओथ हे एकाच वाक्यात पाचारिले जातात. त्यांच्या जोडीला अब्राक्सास येतो, ज्याच्या नावातील अक्षरांची बेरीज वर्षाच्या दिवसांइतकी, ३६५ भरते. आणि 'अब्लानाथानाल्बा'सारखी, ग्रीक लिपीत उलटसुलट सारखीच वाचता येणारी नामे त्यांच्या मागे उभी राहतात. विनवणीने काम न झाल्यास देवाला धमकी देण्याचाही मसुदा तयार असतो. आणि देवाचे काम आटोपले की त्याला आपल्या स्थानी परत पाठविण्याचा रीतसर मंत्रही असतो. हे अगत्य मला फार मार्मिक वाटते.

मसुद्यावरून प्रत्यक्ष दस्तऐवज कसा होई, याचा एक विलक्षण पुरावा लूव्र संग्रहालयात आहे. पॅरिसच्या पोथीतील वशीकरणात मेणाची किंवा मातीची दोन बाहुली करावी, स्त्रीची बाहुली गुडघे टेकलेली व हात पाठीशी बांधलेली असावी, तिच्या मस्तकापासून तळपायांपर्यंत तेरा सुया टोचाव्या, आणि मंत्र कोरलेला शिशाचा पत्रा अकाली मेलेल्याच्या थडग्याशी ठेवावा, असे विधान आहे. आणि इजिप्तमध्येच एका मडक्यात शिशाच्या पत्र्यासह सापडलेली मातीची स्त्री अगदी तशीच, हात मागे बांधलेली, तेरा सुयांनी विद्ध झालेली आहे. 'अमुक'च्या जागी येथे नावे भरली आहेत: आरेआच्या पोटचा सारापाम्मोन, आणि आयासच्या पोटची तोलेमाइस. त्याच्यावाचून तिला अन्नपाणी गोड लागू नये, एवढ्याचसाठी एका मृतात्म्याला वेठीस धरले आहे. तोलेमाइसचे म्हणणे अर्थातच कोणी नोंदविलेले नाही, आणि या प्रेमाला प्रेम म्हणावयास माझी लेखणी धजत नाही.

भविष्यकथनाचे मार्ग त्या मानाने सौम्य. गेरू न लावलेल्या पेटत्या दिव्याकडे किंवा भांड्यातील तेलाकडे एखाद्या निष्पाप मुलास टक लावून पाहावयास बसवावे. त्याला अनुबिस दिसला की देवांसाठी भाकरी व द्राक्षासव मागवावे, आणि त्यांचे भोजन उरकल्यावरच प्रश्न घालावा. ज्याला इतका खटाटोप नको, त्याने फासा तीनदा टाकून होमरच्या २१६ ओळींपैकी त्या दानाची ओळ वाचावी. या ओळी ज्या गुंडाळीत आहेत तिच्यातच, लसूण खाऊन तोंडाला वास येऊ नये म्हणून भाजलेले बीट खावे, असाही तोडगा ग्रीक तत्त्वज्ञ डेमोक्रिटसच्या नावावर खपविला आहे. दुसऱ्या एका पोथीत वश केलेला सेवक-देव पाणी, मद्य, भाकरी, भाजीपाला हवा तितका आणतो, मात्र मासळी आणीत नाही, आणि डुकराचे मांस तर त्याला कधीच मागू नये अशी सक्त ताकीद आहे.

द्रव्यांच्या नावांनी भिण्याचे मात्र कारण नाही. लायडनच्या एका पोथीत देवळातील लेखकांच्या सांकेतिक भाषेची किल्लीच दिली आहे: सापाचे डोके म्हणजे जळू, वैद्याचे हाड म्हणजे वालुकाश्म, मगरीची विष्ठा म्हणजे इथिओपियाची माती. लोकांच्या चौकसपणामुळे ही नावे गुप्त ठेविली, असा खुलासाही तेथेच आहे. माझ्या मते या लेखकांचा खरा धंदा येथे उघड होतो. रोमन अमलात देवळांचे उत्पन्न आटत चालले, तेव्हा जे ज्ञान पूर्वी गाभाऱ्याच्या आश्रयाने राहत होते तेच त्यांनी दारोदार किरकोळीने विकावयास काढले असावे.

सरकारला हे मानवणारे नव्हते. इ. स. १९९ च्या सुमारास इजिप्तच्या रोमन सुभेदाराने कौल लावणे, देवमूर्तींच्या मिरवणुकीतून उत्तरे घेणे आणि भविष्य जाणण्याचे तत्सम सारे प्रकार बंद करणारा हुकूम काढला, तो पांढऱ्या फळीवर स्वच्छ अक्षरांत लिहून गावोगाव लावण्यास फर्माविले, आणि आज्ञाभंगास देहान्त शिक्षा ठेविली. आपल्या हाती आलेल्या मोठ्या पोथ्यांपैकी बहुतेक या हुकुमानंतरच्या, तिसऱ्या-चौथ्या शतकातील आहेत.