मागचा शॉकअप कशासाठी?

पिंपळगाव बसवंतसारख्या गावात मुलाला किंवा मुलीला गिअरची सायकल घ्यायचं ठरलं, की दुकानातली चर्चा लवकरच एका प्रश्नावर येऊन थांबते: फक्त पुढे शॉकअप असलेली घ्यायची, की ‘डबल शॉकर’? पहिल्या प्रकाराला जगभर हार्डटेल म्हणतात. तिच्या पुढच्या चाकाला शॉकअप असतो, मागची चौकट मात्र एकसंध असते. दुसऱ्या प्रकारात मागचं चाक एका हलत्या दांड्यावर बसवलेलं असतं आणि तो दांडा व मुख्य फ्रेम यांच्यामध्ये स्प्रिंगचा किंवा हवेचा शॉकअप असतो. ही फुल सस्पेन्शन. दुकानात दोन्ही सायकली शेजारी शेजारी उभ्या असतात, किमतीत फारसा फरक नसतो, दुसरीत एक वस्तू जास्त दिसते आणि मुलाचं मन तिच्यावरच बसतं. माझं म्हणणं असं की, या किमतीत आणि या मातीत ती जास्तीची वस्तू फायदा थोडा आणि तोटा बराच देते. फुल सस्पेन्शन वाईट नाही. पण चांगलं फुल सस्पेन्शन ही महाग गोष्ट आहे, आणि स्वस्तात मिळतं ते बहुतेक वेळा तिचं नुसतं रूप असतं.

डोंगरात पळणाऱ्या सायकलीचा जन्म कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत 1970च्या दशकात झाला. 1976 पासून तिथे ‘रीपॅक’ नावाच्या तीव्र उतारावर शर्यती होऊ लागल्या. सायकली जुन्या, जाड टायरच्या आणि शॉकअप पुढेही नाही, मागेही नाही. पहिला यशस्वी पुढचा शॉकअप, रॉकशॉक्स कंपनीचा आरएस-1, 1989 मध्ये बाजारात आला. मागच्या चाकाचे प्रयोगही चालू होते, पण ते नीट जमायला आणखी बरीच वर्षं गेली. हा क्रम योगायोगाचा नाही. दगडावर आधी पुढचं चाक आदळतं, धक्का थेट हातात येतो आणि हँडल सुटलं तर माणूस पडतो. त्यामुळे पुढच्या शॉकअपची गरज खरी होती. मागच्या चाकासाठी स्वाराकडे आधीच एक चांगली सोय आहे, ती म्हणजे त्याचे गुडघे. खड्डा दिसला की सीटवरून किंचित उठायचं, पायडल समांतर ठेवायचे आणि सायकल अंगाखाली हलू द्यायची. ज्याला ही सवय आहे, त्याच्या बाबतीत मागच्या धक्क्याचा मोठा भाग पायांतच जिरतो.

आता मागचा शॉकअप करतो काय ते पाहू. स्प्रिंग दाबली की ती ऊर्जा साठवते आणि सुटताच परत फेकते. नुसती स्प्रिंग म्हणजे उसळी. ती आवरण्यासाठी चांगल्या शॉकअपच्या पोटात तेल असतं. दट्ट्या हलताना ते बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि धक्क्याची ऊर्जा उष्णतेत जिरते. आठ-दहा हजारांच्या डबल शॉकरमध्ये सहसा हा भाग नसतोच. रंगवलेली स्प्रिंग आणि तिच्यामधून जाणारा एक दांडा, एवढंच. दुकानात उभ्या उभ्या हे तपासता येतं. सीट जोरात दाबून एकदम सोडा. मागचा भाग हळू वर येऊन थांबला तर आत आवर आहे. झटक्यात उसळून वर आला तर नाही. मग सीट धरून मागचं चाक जमिनीपासून अर्धा इंच उचला आणि पुन्हा टेकवा. सांध्यात ‘टक्’ असा बारीक धक्का जाणवला, तर नव्या सायकलीचे बुश आत्ताच ढिले आहेत. तिसरी तपासणी चालवताना करायची. उभं राहून चढावर पायडल मारा आणि कुणाला तरी मागून पाहायला सांगा. प्रत्येक पायडलसरशी स्प्रिंग दबताना दिसेल. पुढे जायला लावलेल्या जोरातला काही भाग सायकल खालीवर करण्यात जातो, आणि चढ जितका उभा, तितकं ते जास्त खुपतं.

यावर कुणी विचारेल, मोटरसायकलला मागे शॉकअप असतातच, तिचं काय बिघडतं? बिघडत नाही, कारण तिथे इंजिन आहे. 100 सीसीच्या साध्या गाडीची ताकद सुमारे 6,000 वॅट. सवयीचा माणूस तासभर सायकल चालवताना साधारण 100 वॅट देतो. सहा हजारांतले पन्नास वाया गेले तर कळतही नाही, शंभरातले दहा गेले तर मांड्यांना कळतं. त्यात वजनाची भर. लोखंडी डबल शॉकर सतरा-अठरा किलोंच्या घरात जाते, ॲल्युमिनियमची बरी हार्डटेल तेरा-चौदा किलोंत बसते. आणि किंमत ठरलेली असली की कारखान्याचं गणितही ठरलेलं असतं: मागचा दांडा, सांधे आणि स्प्रिंग यांवर गेलेले पैसे ब्रेक, गिअर, रिम आणि बेअरिंग यांतूनच निघतात. हा तोटा मला सगळ्यांत गंभीर वाटतो, कारण महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर टोमॅटो-कांद्याच्या गाड्यांच्या गर्दीत मुलाला वाचवणारा भाग ब्रेक आहे, शॉकअप नाही.

हार्डटेलच्या स्वस्त फोर्कमध्ये, म्हणजे पुढच्या शॉकअपमध्येही तेल नसतं, ती उसळते, हा आक्षेप बरोबर आहे. पण दोष एका जागी असणं आणि दोन जागी असणं यात फरक आहे, आणि सीटवर बसून पायडल मारण्याचा जोर पुढच्या फोर्कपेक्षा मागच्या दांड्यावर जास्त येतो. ज्याला फक्त रस्त्यावरूनच जायचं आहे, त्याने पुढचाही शॉकअप नसलेली सायकल घ्यावी, असंच मी सांगेन. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. सुमारे 4,800 किलोमीटरची ती शर्यत रोड सायकलींवर होते, म्हणजे शॉकअपविना. लांब पल्ल्यात शरीराला आराम मिळतो तो योग्य उंचीच्या सीटमुळे, अंगाला बसणाऱ्या फ्रेममुळे आणि टायरमधल्या हवेमुळे.

पिंपळगावची जमीनही याच बाजूने बोलते. कादवेच्या काठचा हा प्रदेश बहुतांशी सपाट, काळ्या मातीचा. द्राक्षबागांमधले रस्ते, पालखेडच्या पाटालगतची वाट, ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या: इथे धक्के पुष्कळ, पण छोटे. असे धक्के सव्वादोन इंची टायर, हवा थोडी कमी ठेवली, तर बऱ्यापैकी पोटात घेतो. हवा फार कमी केली तर दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटते, म्हणून टायरवर छापलेल्या मर्यादेच्या खालच्या टोकाशी थांबायचं. इथला रोजचा शत्रू बाभळीचा काटा आहे, आणि त्यावर कुठल्याच शॉकअपचा उपाय नाही. काट्याला दाद न देणारा टायर आणि ट्यूबमध्ये सीलंट, एवढं पुरतं. पावसाळ्यात काळी माती तर मागच्या दांड्याच्या सांध्यात आणि पायडलच्या वरच्या बेचक्यात थापली जाते. ती वाळली की दगड होते, बुश घासते आणि दुसऱ्या वर्षी मागचं चाक डावी-उजवीकडे डुलू लागतं. हार्डटेलला मागे असा सांधाच नाही. तिची दुरुस्ती म्हणजे पंक्चर, चेन, ब्रेक आणि चाकाचा आऊट काढणं, जे गावातला कुठलाही कारागीर करतो. खऱ्या फुल सस्पेन्शनचा हवेचा शॉकअप मात्र साधारण 50 तास चालवल्यावर उघडून साफ करावा, असं त्याचे उत्पादकच सांगतात. त्याची सीलं आणि पंप पिंपळगावात सहज मिळत नाहीत.

मग जगातले अव्वल स्पर्धक फुल सस्पेन्शन का वापरतात? हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. 2012च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पुरुषांची क्रॉस-कंट्री शर्यत चेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव कुल्हावीने फुल सस्पेन्शनवर जिंकली. हार्डटेलवरचा स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर अखेरच्या काही मीटरांत मागे पडला. चार वर्षांनी रिओत शुर्टरनेच सुवर्ण जिंकलं, आणि तेव्हा त्याच्याही सायकलीला मागे शॉकअप होता. खडकाळ उतारावर मागचं चाक जमिनीला चिकटून राहतं, पकड सुटत नाही, स्वार उशिरा थकतो, हे खरंच आहे. पण त्या सायकली कार्बनच्या, वजनाने गावातल्या डबल शॉकरच्या जवळपास निम्म्या. त्यांचे सांधे अशा हिशोबाने बसवलेले असतात की चेनचा ताणच मागच्या भागाला दबू देत नाही, आणि चढावर शॉकअप एका कळीने बंदही करता येतो. नावाचा सारखेपणा सोडला तर दोन्हींत फार थोडं समान आहे. पिंपळगावातल्या ज्या कुणाला दर रविवारी चांदवडकडच्या सातमाळा रांगेत सुट्या दगडांच्या वाटांवरून खाली यायचं आहे आणि ज्याची लाखाच्या पुढे खर्चाची तयारी आहे, त्याने फुल सस्पेन्शन जरूर घ्यावी. तिथे ती वेग देते, त्याहून महत्त्वाचं म्हणजे सुरक्षितता देते.

पाठदुखीमुळे मागचा शॉकअप हवा, असं म्हणणाऱ्या मोठ्या माणसांची अडचण खरी आहे, पण तिचा इलाज सीटच्या खांबात आहे. आत स्प्रिंग असलेला सीटपोस्ट मिळतो, तो हार्डटेलला बसतो आणि न पटल्यास काढताही येतो. मुलाची हौस हा उरलेला मुद्दा, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. सायकल आवडली नाही तर ती भिंतीलाच टेकलेली राहील. पण दोन्ही सायकली त्याला उड्डाणपुलाच्या चढावर एकेकदा चालवू द्याव्यात. डोळ्यांनी केलेली निवड पायांना पटते की नाही, हे त्याचं त्यालाच कळेल. आणि डबल शॉकर घरात आधीच असेल, तर स्प्रिंगच्या वरची कडी फिरवून ती शक्य तितकी घट्ट करावी, सांध्याचा बोल्ट महिन्यातून एकदा पाहावा, पाऊस संपला की बुश काढून धुऊन ग्रीस भरावं, आणि खर्च करायचाच तर आधी ब्रेकचे गट्टू बदलावेत.