चढणीचा मासा
मिरगाचा पाऊस जोरात लागला की कोकणात नदीतला मासा ओढ्यानं वर, भातखाचरापर्यंत चढतो. रायगडात याला वलगण म्हणतात. मासा चढतो तो अंडी घालायला. पोट गाभोळीनं भरलेलं, म्हणून चवीला भारी, आणि तिथंच घात होतो. ओढ्याला आडवी मच्छरदाणी लावली तर मोठा-बारका सगळाच अडकतो. मग दिवाळीनंतर डोहात काय मिळणार? निम्मा ओढा मोकळा सोडा. पण गावात बोलून ठरवा, एकीनं सोडलेला दुसरीनं धरला तर काय उपयोग!

मरळीचं वेगळंच. पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका दिसला की जवळच आईबाप राखणीला असतात. पिल्लांजवळ काहीही आलं की झडप घालतात, म्हणून गळाला पटकन लागतात. तेव्हा त्यांना धरू नका. राखण गेली की बेडूक आणि दुसरे मासे पिल्लं फस्त करतात.