महाविद्यालयाचा विस्तार आणि कुंपणाबाहेरील व्यवसाय : परभणीच्या निमित्ताने

महाविद्यालयाचा विस्तार झाला म्हणजे आपण इमारती मोजतो, प्रयोगशाळा मोजतो, विद्यार्थिसंख्येचा आलेख काढतो. कुंपणाबाहेर चहाची टपरी, खानावळ, सायकलदुरुस्तीचे दुकान अथवा पानपट्टी चालविणाऱ्याचे काय झाले, हा प्रश्न मात्र आपल्या अभ्यासाच्या कक्षेत सहसा येत नाही. वस्तुतः त्याचा धंदा महाविद्यालयामुळेच उभा राहिलेला असतो आणि महाविद्यालयाच्या वाढीमुळेच तो मोडूही शकतो. हे मोडणे कोणकोणत्या मार्गांनी घडते व कायदा त्याची दखल कोठवर घेतो, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

परभणीस हा प्रश्न विशेष स्पष्टपणे दिसतो. निजामी राजवटीत १९१८ साली येथे शेतीचे प्रयोगक्षेत्र सुरू झाले. १९५६ साली कृषि महाविद्यालय निघाले आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषि विद्यापीठाची स्थापना झाली. २०१३ पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. कृषि महाविद्यालयाच्या जोडीस अन्नतंत्र, कृषि अभियांत्रिकी इत्यादी शाखांची महाविद्यालये आली. या वाढीसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या शेतकऱ्यांचा प्रश्न ‘प्रकल्पग्रस्त’ या नावाने निदान सार्वजनिक चर्चेत तरी आला. त्याचे कारण उघड आहे. शेतकऱ्याजवळ सातबाऱ्याचा उतारा असतो. टपरीवाल्याजवळ असते ती विद्यार्थ्यांच्या उधारीची वही, आणि तिला कोणतेही कार्यालय पुरावा मानीत नाही.

जमीनच संपादित झाली तर परिस्थिती तितकीशी निराशाजनक नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या २३ व्या कलमातसुद्धा कमाईस पोचणारी बाधा आणि धंद्याची जागा बदलण्याचा वाजवी खर्च यांचा विचार होता. तथापि तो मिळविण्यास अर्जदाराचा त्या जमिनीत काही हितसंबंध असावा लागे. १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या २०१३ च्या कायद्याने येथे एक महत्त्वाचे पाऊल टाकले. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या क्षेत्रात काम करणारे भाडेकरू व कारागीर यांची उपजीविका बाधित होत असेल, तर त्यांची कुटुंबेही त्याने ‘बाधित कुटुंबे’ मानली. विस्थापित होणाऱ्या लहान व्यापाऱ्यास किमान २५,००० रुपयांचे एकरकमी साहाय्य ठरविले. ही रक्कम अपुरी आहे हे सांगावयास नकोच. शासकीय व अनुदानित शिक्षणसंस्थांचे प्रकल्प या कायद्यात सार्वजनिक प्रयोजनात मोडतात. पायाभूत सोयींच्या यादीतून खासगी शिक्षणसंस्था मात्र वगळल्या आहेत.

दुकानाचा गाळा संस्थेच्याच मालकीचा असेल तर १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याचे १६ वे कलम पाहावे लागते. सार्वजनिक न्यासास आपल्या कार्यासाठी जागा हवी असल्यास तो ताबा मागू शकतो. परंतु गरज सिद्ध झाली म्हणजे काम संपले असे नाही. ताबा देण्याने भाडेकरूस होणारा त्रास अधिक की न देण्याने मालकास होणारा अधिक, याची तुलना न्यायालयास करावी लागते आणि कोणाचीच अडचण होणार नसेल तर केवळ काही भागापुरताच हुकूमनामा द्यावा लागतो. माझ्या मते या साऱ्या विषयात दोन्ही पक्षांना एकाच तराजूत घालणारी एवढीच एक तरतूद आहे.

सर्वांत विलक्षण प्रकार पानपट्टीचा. २००३ च्या तंबाखूविषयक कायद्याच्या ६ व्या कलमाने शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरांच्या, आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास मनाई केली. हे अंतर २००४ च्या नियमांप्रमाणे संस्थेच्या भिंतीच्या अथवा कुंपणाच्या बाह्य सीमेपासून त्रिज्येने मोजावयाचे असते. आता समजा, एखादी पानपट्टी कुंपणापासून १२० मीटरांवर आहे. संस्थेने लगतची जागा घेऊन भिंत ४० मीटर पुढे आणली. दुकान जागचे हलले नाही, मालकाने नवे काही विकावयास घेतले नाही, तरी अंतर ८० मीटर झाले आणि कालचा वैध विक्रेता आज दंडास पात्र ठरला. तंबाखूबंदीचा हेतू योग्यच आहे. त्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. परंतु भिंतीचा नकाशा मंजूर करताना या वर्तुळाची रेषा कोणी आखून पाहतो काय, हे विचारणे गैर ठरू नये. पुढे सरकणाऱ्या भिंतीमुळे वर्तुळात सापडलेल्या विक्रेत्यास मुदत वा भरपाई देण्याची तरतूद त्या कलमात नाही.

याहून सूक्ष्म, आणि कदाचित सर्वाधिक घडणारी, हानी प्रवेशद्वाराची. संस्थेने मुख्य दरवाजा एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर नेला, किंवा आवारातच ठेकेदाराचे उपाहारगृह काढले, की जुन्या रस्त्यावरची गिऱ्हाइके आपोआप आटतात. येथे नुकसान आहे, हक्कभंग नाही. म्हणून दाद मागण्यास जागा नाही. फेरीवाल्यांना २०१४ च्या पथविक्रेता कायद्याचा थोडा आधार आहे. सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत त्यांना हटविता येत नाही, आणि सर्वेक्षणात नोंदलेला नैसर्गिक बाजार ‘ना-विक्री क्षेत्र’ ठरविता येत नाही. पक्क्या गाळ्यातील खानावळवाल्यास तोही आधार नाही.

संस्था ही केवळ शेजारीण नव्हे, गिऱ्हाईकही असते, हे अमेरिकेतील ओहायो राज्याच्या एका खटल्यात दिसून आले. ओबर्लिन महाविद्यालयाजवळ १८८५ पासून चालत आलेल्या गिब्सन बेकरीवर २०१६ साली वंशभेदाचा आरोप होऊन विद्यार्थ्यांनी निदर्शने केली; महाविद्यालयाने तिच्याकडील नित्याची खरेदी काही काळ थांबविली. बेकरीने बदनामीचा दावा लावला. २०१९ साली ज्यूरीने बेकरीच्या बाजूने कौल दिला आणि अपिले संपल्यावर २०२२ साली महाविद्यालयास ३ कोटी ६० लाख डॉलरांहून अधिक रक्कम भरावी लागली. तेथील दुकानदाराजवळ वकील लावण्याइतके बळ होते. आपल्याकडील टपरीवाला दरवाजा हलल्यावर गाडा उचलून नव्या दरवाजापाशी जातो, आणि तेथे अगोदरच कोणीतरी उभा असतो.